अंतरपाटाअलीकडचा वर्ग

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत.

‘निरीक्षणाच्या दिवशी नवलेखकांचा कोणताही वर्ग भरलेला आढळला नाही.’ मूळ कागद हिंदीत आहे, हे त्याचं मराठी. खाली तुमची सही आहे, सहीवर गोल शिक्का आहे. वर्ग आढळला नाही! अहो, त्या वर्गात तुम्ही चांगली वीस मिनिटं उभे होतात. खुर्ची दिली तर बसला नाहीत, कारण बसल्यावर पुढचं दिसत नव्हतं. नंतर जेवलात. मठ्ठा दोनदा मागून घेतलात. ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांना पहिल्यापासून सांगायला हवं, आणि तुम्हालाही सांगायला हवं. नवा रायपूरच्या त्या रुंद, मोकळ्या रस्त्यांवरून ऑफिसला परत जाताना गाडीच्या काचेच्या फटीतून तुमची आठवण उडून गेलेली दिसते.

तर वनमाला हिशीकर. वय छप्पन्न, उंची बेताची, आवाज दोन गल्ल्या ओलांडणारा. हिच्या घरात फोडणी पडते ती कवितेवर. लग्न ठरलं की रायपुरातली मराठी माणसं आधी हॉल बघतात, मग स्वयंपाकी बघतात आणि तिसरा फोन वनमालाला करतात. मंगलाष्टकं तिची. डोहाळजेवणाची गाणी तिची, बारशाचा पाळणा तिचा. रेल्वेतून कोणी निवृत्त झाला की फ्रेममधलं मानपत्र तिचं. पंडरीतल्या कापडदुकानांच्या पिशव्यांवरच्या दोन ओळी तिच्या. आणि उखाणे तर विचारू नका. इकडच्या नव्या पोरींना मराठी कळतं सगळं, पण तोंड उघडलं की हिंदी बाहेर पडते. लग्नात नवऱ्याचं नाव मात्र मराठीतच घ्यावं लागतं, नाहीतर सासरच्या बायका उंबरा ओलांडू देत नाहीत. मग नवरी आदल्या दिवशी वनमालाला फोन करते, ‘आंटी, दो लाइन का कुछ दे दो ना, छोटा सा.’ वनमाला विचारते, ‘नवरा काय करते? खाते काय? चिडते कशावर?’ आणि तिथल्या तिथे, कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मधे, उखाणा तयार.

हे तिला कोणी शिकवलं नाही. अकरावीत शाळा सुटली. पंडरीत साड्यांच्या एका ठोक दुकानात बारा वर्षं घड्या घातल्या. लोकांच्या लग्नात अक्षता मुठीत धरून उभी राहायची आणि दुसऱ्या हाताच्या बोटांवर मंगलाष्टकाची अक्षरं मोजायची. एका ओळीत एकोणीस, बारावर दम घ्यायचा, मग सात. लघु कुठं, गुरू कुठं, सगळं असं मोजून मोजून काढलं तिनं. वृत्ताला शार्दूलविक्रीडित म्हणतात हे तिला पुष्कळ नंतर कळलं. तेव्हा ती म्हणाली, ‘नाव तर लई मोठं आहे हो. मी तर याले घोड्याची चाल म्हणत होती.’

आता वर्ग. तेलीबांध्याच्या तळ्याजवळ एक सरकारी वाचनालय आहे. वरच्या मजल्यावर एक खोली, दोन बाकं, एक पंखा, तोही बोलका. दर रविवारी अकरा ते एक तिथं वनमाला पोरांना लिहायला शिकवते. फी नाही. म्हणजे फी आहे, पण ती अशी की प्रत्येकानं दर आठवड्याला कोणीतरी मागितलेलं काहीतरी लिहून आणायचं. आईनं मागितलेलं, मावशीनं मागितलेलं, नाक्यावरच्या समोसेवाल्यानं मागितलेलं. पोरगा वही उघडतो. वनमाला पहिला प्रश्न विचारते, ‘कोनासाठी लिहिलं?’

‘खुद के लिए, ताई.’

‘मंग खुदच वाच ना बाप्पा. आमचा टाइम काहून घेतो?’

पोरं हसतात. पुढच्या रविवारी तोच पोरगा आजीच्या दुखऱ्या गुडघ्यावर बारा ओळी घेऊन येतो. त्या गुडघ्यात एवढी कविता असेल हे कोणाला वाटलं होतं?

पाच-सहा पोरं. त्यात प्रशिक, पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला, गणिताच्या डोक्याचा. त्याला वृत्त असं कळतं जसं दुसऱ्याला क्रिकेटचा स्कोअर कळतो. चिराग, पंडरीतल्या साडीवाल्याचा मुलगा, गुजराती. दुकानाच्या जाहिरातीसाठी दोन ओळी मागायला आला आणि तिथंच राहिला. आणि पूर्णिमा. वीस वर्षांची. वडील वीज मंडळात, घरात शिस्त इतकी की मीटरसुद्धा हळू फिरतं. ही पोरगी वहीच्या मागच्या पानांवर लिहायची, पुढच्या पानांवर कॉमर्स. मराठी सगळं समजायचं, पण उत्तर द्यायची हिंदीत. वनमाला मराठीत बोलायची, पूर्णिमा हिंदीत, आणि दोघींचं भांडणसुद्धा असंच व्हायचं, कोणाचं काही अडत नव्हतं.

खोलीचं महत्त्व इथंच आहे, साहेब, नीट ऐका. पूर्णिमाच्या घरून तिला ‘कोणाच्या घरी’ जायची परवानगी नव्हती. ‘वाचनालयात’ जायची होती. सरकारी इमारत, बाहेर पाटी, आत चौकीदार. बापाच्या जिवाला घोर नाही. वर्गातल्या तिन्ही पोरींचं असंच. खोली गेली की पोरी गेल्या. वनमालाला हे पाठ होतं. तिला पंख्याचं, बाकांचं काही नव्हतं. तिला त्या पाटीचं होतं.

आणि खोली वापरायला देणाऱ्या तुमच्या खात्याचं, तुमच्या सहीचं पत्र आलं. शुक्रवारी दुपारी. दोन कलमं. पहिलं: सदर खोलीच्या वापराचं निरीक्षण येत्या रविवारी अकरा ते एक या वेळात होईल. दुसरं: मागणीनुसार व्यावसायिक लेखन करणारी व्यक्ती साहित्यिक मार्गदर्शक मानावी का, हेही तपासण्यात येईल.

वनमालानं दुसरं कलम तीनदा वाचलं. मग चौकीदाराला विचारलं, ‘काहो, तुमच्या घरी स्वयंपाक मागितल्यावर करते का न मागता?’

‘मांगने पर भी टाइम पे नहीं मिलता, दीदी.’

‘पाहा. अन् कविता मांगितली तं ती कविता नाही म्हनते.’

पण रविवार म्हणजे नेमका यामिनीच्या लग्नाचा दिवस. यामिनी, यज्ञेश्वरकाकांची मुलगी, रेल्वेत इंजिनावर असिस्टंट लोको पायलट. मंगलाष्टकं दोन महिने आधी ठरलेली. वनमालानं तुमच्या ऑफिसला फोन केला. शनिवार. घंटी वाजत राहिली. दहा वेळा वाजली. शेवटी तिनं ठरवलं की वर्ग लग्नातच न्यायचा. यात खोटं काय होतं? सुताराचं पोर लाकडाजवळच शिकतं. वाचनालयाच्या वरच्या दारावर तिनं कागद चिकटवला, मोठ्या अक्षरात: ‘आजचा वर्ग प्रत्यक्ष कामावर. रस्त्यापलीकडचं मंगल कार्यालय, मुख्य हॉल. निरीक्षकांनी अवश्य यावं. जेवून जावं.’

मुलींनी घरी सांगितलं, वाचनालयाचा वर्ग आहे. तेही खरंच होतं.

आता लग्नाकडे या. यज्ञेश्वरकाकांचं घराणं भोसल्यांच्या काळापासून रायपुरात. नवरा मुलगा अभिनव, भिलाईला शाळेत शिकवतो. त्याचे लोक अमरावतीकडचे. दोन्हीकडचे सज्जन. दोन्हीकडच्यांनी आपापल्या पत्रिका छापल्या. दोन्हीकडच्यांनी एकमेकांना पत्रिका दिल्या, सोबत मिठाईचा डबा दिला. आणि झालं ते असं की दोन्हीकडच्यांनी डबा उघडला, पत्रिका कोणी उघडली नाही. व्याह्याची पत्रिका कोण वाचतं? तारीख ठाऊक, जागा ठाऊक, व्याही ठाऊक. मुलीकडच्या पत्रिकेत मुहूर्त होता अकरा अठ्ठेचाळीस. मुलाकडच्या पत्रिकेत होता बारा वाजून एक मिनिट. पंचांगं दोन, घराणी दोन, आणि प्रत्येकाला वाटत होतं की आकाशातले ग्रह आपल्याच कपाटातल्या पंचांगाचं ऐकतात.

शालिग्राम गुरुजी मुलीकडचे. त्यांनी बरोब्बर अकरा चाळीसला अंतरपाट धरायला लावला. अलीकडे यामिनी, पलीकडे अभिनव, हातात हार. पाहुण्यांच्या मुठीत अक्षता. वनमालानं माइक घेतला. पोरं तिच्यामागे रांगेत, हातात वह्या, कारण ती म्हणाली होती, ‘कोनती ओळ कुठं हलते, लोक कुठं हसते, लिहून ठेवा. परीक्षा आहे आज माही, तुमची नाही.’

ती म्हणाली तेव्हा तुम्ही दारात होतात. पांढरा शर्ट, हातात फाइल, मागे ड्रायव्हर. तिनं ओळखलं. कोण नाही ओळखणार? लग्नात फाइल घेऊन कोण येतं? चिरागला वाटलं तुम्ही मुलाकडचे. त्यानं तुमच्या तळहातावर अक्षता ठेवल्या. फाइल तुम्ही काखेत मारलीत.

वनमाला म्हणू लागली:

गाडी हाकत यामिनी निघतसे, झेंडा हवेशी हले
दारी थांबुन वाट तो बघतसे, डोळे रुळांना खिळे
ड्यूटी दूर, घरी चहा उकळतो, कामांत दोघे सुखी
राहो मार्ग खुला, नको अडथळा, कुर्यात् सदा मंगलम्!

‘ड्यूटी’वर रेल्वेवाल्या पाहुण्यांच्या रांगेतून शिट्टी आली. नवरी अंतरपाटामागे हसली, तिची मुंडावळ हलली. घरी चहा उकळतो, म्हणजे उकळणारा नवरदेव आहे हे लक्षात आलं तेव्हा बायकांकडून वेगळाच हशा आला. पूर्णिमानं वहीत लिहिलं: ‘चाय पर लेडीज़ हँसीं.’

सात झाली. आठवं चालू होतं, घड्याळात अकरा सत्तेचाळीस, गुरुजींनी ‘सावधान’साठी घसा साफ केला. इतक्यात आतल्या खोलीतून मुलाची कुसुमआत्या आली. हातात पंचांग, एका कानात झुमका, दुसरा हातात.

‘थांबा! थांबा म्हणते ना! मुहूर्त बारा एकचा आहे!’

‘अकरा अठ्ठेचाळीस,’ यज्ञेश्वरकाका म्हणाले.

‘हे पाहा,’ आत्या म्हणाली आणि पंचांगात खोचलेली पत्रिका पुढे केली.

‘हे पाहा,’ काका म्हणाले आणि खिशातून पत्रिका काढली.

दोघांनी एकमेकांच्या पत्रिका पहिल्यांदा वाचल्या. तीन महिन्यांनी.

भांडण पेटलं असतं. पण अभिनवची आई शांत बाई, ती म्हणाली, ‘अहो, एक मुहूर्त टळला तर टळला, दुसरा तर सापडतो ना? मग त्यावर लावा.’ हिशोब बरोबर होता. अकरा अठ्ठेचाळीस एवढ्यात होऊनही गेले होते. अडचण एकच. अंतरपाट धरला, मंगलाष्टकं सुरू झाली, की मधे थांबायचं नसतं. वधूवर समोरासमोर आणि हॉलमधे शांतता, हे आमच्याकडे कोणाला चालत नाही. कोणीतरी म्हणत राहिलं पाहिजे, अक्षता पडेपर्यंत.

शालिग्राम गुरुजी वाकले आणि वनमालाच्या कानात म्हणाले, ‘ताई, ओढा.’

‘किती?’

‘तेरा मिनिटं.’

तेरा मिनिटं म्हणजे किती होतात, तुम्हाला कळतं का, साहेब? एक मंगलाष्टक कितीही ताणलं तरी मिनिटाच्या वर जात नाही. म्हणजे निदान तेरा कडवी. नवीन. आत्ता. माइकसमोर, दोनशे माणसांसमोर, आणि त्यांच्या मागे वाफाळता भात.

वनमालाच्या पर्समधे नेहमी दोन शिल्लक कडवी असतात, बिननावाची, कोणत्याही लग्नाला चालणारी. ती तिनं काढली आणि इतकी सावकाश म्हटली की गुरुजींनी डोळे मिटले. अकरा एक्कावन्न. कुसुमआत्यानं स्वतःचं एक म्हटलं, बहुधा आदल्या लग्नातलं, कारण त्यात नवऱ्याचं नाव दुसरंच होतं. लोकांनी सभ्यपणे ते ऐकलंच नाही असं केलं. अकरा त्रेपन्न. वनमालानं एक जागच्या जागी रचलं, दुसरं रचलं, तिसऱ्याच्या दुसऱ्या ओळीवर आवाज चिरकला. दोन महिन्यांतलं हे तिचं चौदावं लग्न होतं. घशालाही मर्यादा असते.

तिनं माइक खाली केला आणि मागे वळली. एक क्षण तिला भीती वाटली. खरी भीती. दारात फाइल होती, माइकमधे शांतता होती, आणि ती म्हणत असलेलं सगळं, की मागितलेली कविताही कविता असते, की हे शिकवता येतं, ते सगळं आता या पाच-सहा पोरांच्या तोंडात होतं. यांनी म्हटलं तर म्हटलं. नाहीतर खोली गेली.

‘पोट्टेहो,’ ती म्हणाली, ‘वह्या बंद. तोंड उघडा.’

पूर्णिमा पांढरीफटक. ‘ताई, मुझसे नहीं होगा.’

‘मले तुले विचारलंच नाही. प्रशिक, तू धर.’

प्रशिकच्या घरच्या लग्नांत ना अंतरपाट असतो ना पंचांग, त्याच्याकडे त्रिशरण-पंचशील म्हणतात आणि मोकळे होतात. पण एकोणीस अक्षरं त्याला पाठ होती. त्यानं माइक घेतला, एकदा छताकडे पाहिलं, बोटं मांडीवर आपटली आणि घोड्याची चाल धरली:

पंचांगे जुळती न, लोक जुळले, काटा कशाला हवा?
भाताचा पण वास येत इकडे, पोटात पेटे दिवा!

हॉल हशानं दणाणला. म्हणजे अक्षरशः. यज्ञेश्वरकाका हसले, कुसुमआत्याही हसली, आणि हसता हसता तिच्या हातातला तो दुसरा झुमका खाली पडला. वाढप्यांनी पातेल्यावरचं झाकण परत ठेवलं, त्यांना वाटलं आपल्याला टोमणा मारला. दोन पोरं ‘वन्स मोअर’ ओरडली. मंगलाष्टकाला वन्स मोअर! प्रशिकनं पुन्हा म्हटलं. त्यात दीड मिनिट गेलं. साहेब, आता तुमची गोष्ट. तुम्ही तेव्हा दारात नव्हतात. तुम्ही तिसऱ्या रांगेपर्यंत आला होतात आणि शेजारच्या काकांच्या खांद्यावर हात ठेवून हसत होतात. त्या काकांना तुम्ही ओळखत नव्हतात. ते नंतर विचारत होते, ‘हे फाइलवाले कोण हो?’

चिरागनं एक म्हटलं, साड्यांवर. त्यात पैठणी होती, कोसा होता आणि त्याच्या बापाच्या दुकानाचं नावही होतं. वनमालानं त्याच्याकडे असं पाहिलं की दुसऱ्या वेळी नाव गळलं. अकरा अठ्ठावन्न. अजून तीन मिनिटं.

माइक पूर्णिमाकडे आला. तिनं तो दोन्ही हातांनी धरला, पोलकं शिवताना सुई हरवल्यासारखा चेहरा करून. वनमाला फक्त बोटांवर मोजू लागली, वर, सगळ्यांना दिसेल असं. एक, दोन, तीन. पूर्णिमानं त्या बोटांकडे पाहिलं. आणि मग मराठीत, हो साहेब, मराठीत, त्या पोरीनं तोंड उघडलं:

आम्ही बोलत राहतो मिसळुनी हिंदी मराठी जिथे
सासू ‘होय’ म्हणे, नणंद ‘हव’ ती, गोडी खरी ती तिथे

आधी कोणी हसलं नाही. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. मग मुलीकडच्या रांगेतून एक म्हातारी, जन्म रायपुरात गेलेली, जोरात म्हणाली, ‘हव!’, इकडच्या बोलीतलं ‘हो’, आणि सगळा हॉल ‘हव! हव!’ करू लागला. यामिनीची नणंद अंतरपाट धरलेल्यांतच होती, ती इतकी हसली की तिच्या बाजूचा कोपरा खाली आला. अभिनवला नवरी दिसली. मुहूर्ताच्या दोन मिनिटं आधी! गुरुजी ओरडले, ‘वर! वर धरा!’ अंतरपाट वर गेला. पूर्णिमा थांबली नाही. ती तीच दोन ओळी पुन्हा म्हणाली, मग तिसऱ्यांदा, दर वेळी थोडी मोठ्यानं, आणि चौथ्यांदा सगळी पोरं तिच्याबरोबर. वनमालाला एकाएकी कळलं की तिची बोटं थांबली आहेत आणि चाल चालूच आहे.

‘शुभमंगल सावधान!’ बारा एक. अक्षता उडाल्या. तुमच्या मुठीतल्याही उडाल्या, आणि त्या नवरा-नवरीवर नाही, पूर्णिमावर पडल्या. नेम चुकला असेल.

मग जेवण. तुम्ही वनमालाशेजारी बसलात. तुमची आजी नागपूरची होती, महाल भागातली, असं तुम्हीच सांगितलंत. लहानपणी आजी पाळणे म्हणायची आणि तुम्हाला एकही आठवत नाही, तेही तुम्हीच सांगितलंत. वनमालानं विचारलं, ‘नाव काय होतं आजीचं?’ तुम्ही सांगितलंत. तिनं तिथंच, मठ्ठ्याची वाटी हातात घेऊन, त्या नावाच्या दोन ओळी रचल्या. तुम्ही मान खाली घालून जिलबी मोडत राहिलात. नंतर प्रशिकला बोलावलंत.

‘ते पंचांगाचं तू केलंस? जागच्या जागी?’

‘हो सर.’

‘माझ्या पुतणीचं लग्न आहे. म्हणशील?’

‘म्हणतो ना. पण ताईला विचारून. त्यांच्या वर्गात आहे मी.’

‘विचार, विचार,’ म्हणालात तुम्ही, आणि त्याचा नंबर घेतलात. ‘त्यांच्या वर्गात’ असं तो म्हणाला. तुम्ही ऐकलंत. शेजारी चिराग होता, तो साक्षीला आहे.

बारा दिवसांनी कागद आला. वर्ग आढळला नाही. सदर महिला खासगी समारंभात व्यावसायिक काम करताना आढळल्या. खोलीचा वापर रद्द. त्या खोलीत आता मोडक्या खुर्च्या ठेवल्या आहेत, एकावर एक.

वनमाला रडली असेल, असं तुम्हाला वाटत असेल तर सोडून द्या. ती हसली. वाचनालयाच्या पायऱ्यांवर पोरांना बसवलं आणि तुमचा कागद धड्यासारखा वाचून दाखवला. ‘सांगा, यात चुकलं काय?’

प्रशिक म्हणाला, ‘वाक्य बरोबर आहे ताई, वृत्त नाही.’

पूर्णिमा म्हणाली, ‘ये किसी के लिए लिखा ही नहीं है. किसी ने माँगा नहीं था.’

‘शाब्बास,’ वनमाला म्हणाली. ‘आता घरी जा.’ हे मात्र तिनं हळू म्हटलं.

आणि त्याच संध्याकाळी पूर्णिमाचे वडील तिच्या दारात उभे. वीज मंडळाचा निळा शर्ट, कपाळाला आठी. वनमालाला वाटलं, झालं. लग्नाचा व्हिडिओ फिरत फिरत त्यांच्या मोबाइलवर पोचला होता. ते आत आले, बसले नाहीत.

‘वाचनालय सांगून पोट्टी लग्नात गेली होती.’

‘हो. मी नेली होती.’

‘मले आधी सांगायचं ना,’ ते म्हणाले. ‘मी पण आलो असतो.’ मग मोबाइल काढला, ‘हव’वाला तुकडा लावला, आणि स्वतःच्याच मुलीचा आवाज ऐकताना ते खोलीभर बघत राहिले, कुठे बघावं ते न कळून. ‘पुढच्या वर्षी मी रिटायर होऊन राहिलो. मानपत्र हिनंच लिहावं. तुम्ही नाही, हां. हिनंच. अन् वर्ग कुठं भरवाल ते सांगा, मी स्कूटरनं सोडीन.’

वर्ग भरतो आता पंडरीत, चिरागच्या वडिलांच्या दुकानाच्या माडीवर, रविवारी सकाळी, दुकान उघडायच्या आधी. साड्यांच्या गाठोड्यांवर बसून. पाचसहाची नऊ पोरं झाली. त्यातली दोन यामिनीच्या रेल्वेतली, ड्यूटी लागली की येत नाहीत, आणि सुट्टीचं कारण कवितेत कळवतात. पूर्णिमाला तीन पाळण्यांची मागणी आली. बोलते ती अजून हिंदीतच. ‘ताई, मराठी मैं सिर्फ़ काम के लिए रखती हूँ,’ म्हणते.

मजेत चाललंय. पण वर्गातल्या बाकी दोन पोरी आल्या नाहीत. त्यांच्या घरी पंडरीची माडी चालत नाही, वाचनालयच चालतं. त्यातल्या अनुश्रीची अर्धी कविता वनमालाच्या पर्समधे आहे, आजोबांच्या चष्म्यावरची, चौथी ओळ राहिलेली. ती ओळ वनमाला स्वतः लिहू शकते. लिहीत नाही. दुसऱ्याच्या मागणीचं आपण पुरं करायचं नसतं, असं म्हणते.

म्हणून तिनं नवा अर्ज दिला आहे. नऊ सह्या आहेत. दोन ओव्या आहेत, कारण पोरं ऐकेनात. त्यात सत्कार मागितलेला नाही, मानधन नाही, तुमच्याकडून माफीसुद्धा नाही. खोलीची किल्ली मागितली आहे, रविवारी अकरा ते एक. पोच मिळाली, उत्तर नाही. आणि काल प्रशिकच्या मोबाइलवर तुमचा निरोप आला की पुतणीचं लग्न सतरा तारखेचं, वेळेवर ये, पंचांगाचं ते नक्की म्हण, आणि ‘जमल्यास ताईंनाही आण’.

ताई येतील. पोरंही येतील. बोलावल्यावर न जाणं त्यांच्या धंद्यात बसत नाही. पण त्याआधी एक प्रश्न आहे, साहेब, आणि त्याचं उत्तर तोंडी नको, लेखी हवं, शिक्क्यासकट हवं: वर्ग नव्हताच, तर तुमच्या पुतणीच्या लग्नाला तुम्ही कवी कुठून उचललात?